कमी गंजणारी रायफल

दुकानदाराने दोन रायफली काउंटरवर ठेवल्या. एक वजनाला हलकी, दुसरीचा नेम लांबवर बसणारा. दोन्हींचे बोल्ट तो खटाखट ओढून दाखवत होता आणि मी आतल्या आत पेटत होतो. गेल्या हंगामात निवडणूक लागली, माझी जुनी परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली आणि त्याच आठवड्यात रानडुकरांनी भरलेला भुईमूग उकरून टाकला. त्यांना कुठली आलीय आचारसंहिता? इतक्या नेमक्या हत्यारावर इतका आंधळा हुकूम चालतो. ती बंदूक गंजून परत आली; आता घेईन तीही पुढच्या निवडणुकीला तिथंच जाणार.

"यातली ठाण्यात पडून कमी गंजेल ती कुठली?" मी विचारलं.

तो ओशाळला. "मग निवडणुकीत बंदूक जमा असताना पिकाची राखण कशानं केलीत?"

"पत्र्याचा डबा बडवून. तो अजून कुणी जमा करून घेत नाही."