सनईखालचा ढावलो

साल दोन हजार तेवीस, मी एकाहत्तर वर्षांचा. तोवर नगारे ऐकले, डीजे ऐकले, पण माझ्या साळ्याएवढा गोंगाटाचा भुकेला माणूस अख्ख्या दारव्हा तालुक्यात पाहिला नाही. बोरी अरबला त्याचं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान. कॉम्प्युटरवर लग्नाच्या व्हिडिओचे तुकडे जोडायला बसला की जेवण विसरायचा आणि सगळ्यावर गाणं चढवायचा, तेही आवाज पार वरपर्यंत नेऊन. पांढरकवड्याच्या एका नवरदेवाच्या आज्याचं भाषण त्यानं पुरतं बँडखाली गाडलं. म्हातारा भांडायला आला, तर हा म्हणतो, "बाबा, तुमचे हात मस्त हालून राह्यले. शब्द कायले पाह्यजे?"

माझ्या पोरीच्या लग्नातही तेच. आमच्या तांड्यात पोरगी सासरी निघाली की मायलेकी गळ्यात पडून ढावलो गातात. रडणंच ते, पण सुरात. यानं त्यावर सनई ओतली. "लग्नात रडणं कोन पाह्यते, भाऊजी?" मी रागानं तो व्हिडिओ पुन्हा पाहिलाच नाही. पुढं बायको गेली. फोटोत चेहरा राहिला, पण आवाज मला आठवेना.

मी चौथी नापास, पण कोणापुढं वाकलो नाही. तरी त्याच्या दुकानाची पायरी चढलो.

"सनई काढ."

"भाऊजी, मंग व्हिडिओत जीव नाही राह्यत."

"काढ म्हनलं ना!"

हा माणूस तुटकी वायरही फेकत नाही. लग्नाचं सारं काम कॉम्प्युटरात जसंच्या तसं होतं. पडद्यावर सनईची पट्टी वेगळी, कॅमेऱ्यातल्या आवाजाची वेगळी. तोंड वाकडं करत त्यानं सनई हळूहळू खाली आणली. ती दूर गेली, वरात गावाबाहेर जाते तशी. आणि खालून माझी बायको आली. पोरीच्या गळ्यात पडून गात होती. मधेच सूर तोडून कॅमेऱ्याकडं वळली आणि आमच्या गोरबोलीत शूटिंग करणाऱ्या भावावर खेकसली, "भिया, पेना बाटी खाले!" भाऊ, आधी भाकर खाऊन घे. लगेच पुन्हा रडू लागली.

साळा खो खो हसला. मग चष्मा काढून बसला. त्याच्याच सनईखाली बहिणीची हाक इतकी वर्षं पडून होती.

"म्या त त्या दिवशी जेवलोच नाही, भाऊजी," म्हणाला, आणि उठून पंखा बंद केला. त्याची घरघरही त्याला नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जन्मात पहिल्यांदा भाकरी थापल्या. एका बाजूनं करपल्या. तशाच फडक्यात बांधल्या, वर चटणी ठेवली, आणि साळा कॉम्प्युटर चालू करायच्या आधी दुकानात पोचलो.