बांधलेला वारा

मी एकदा वारा बांधून ठेवला होता. सुतळीने, सरकारी हुकमाने आणि माझ्याच सहीने.

तेव्हा राजधानी नवीकोरी होती. सचिवालय नवा रायपूरच्या माळावर नुकतंच जाऊन बसलं होतं आणि मी तिथल्या आपत्ती नियंत्रण कक्षात कारकून होतो. समुद्र इतका लांब, की चक्रीवादळ ही दुसऱ्यांच्या टीव्हीवरची भानगड वाटायची. तो भ्रम हवामान कार्यालयातल्या बाईंनी मोडला. त्या मूळच्या नागपूरच्या, म्हणून फोनवर आमची मराठी मोकाट सुटायची.

"भाऊ, वादळ समुद्राच्या गरम पाण्यावर जगते," त्या म्हणायच्या. "जमिनीवर आलं की उपाशी मरते. पण मरता मरता कसे हातपाय झाडते, ते पाहून ठेवा."

त्या वर्षी ओडिशाच्या किनाऱ्यावर आपटलेलं एक वादळ सरळ आमच्याकडे निघालं. परिपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी अगदी रंगात येऊन लिहिलं: छतावरची प्रत्येक हलणारी वस्तू घट्ट बांधावी. आमच्या इमारतीपुरतं "बांधली" असं लिहून सहीही ठोकली. छतावर गेलो मात्र नाही. कोण जातं?

जुन्या रायपूर शहरातल्या भनपुरी भागात एका पत्र्याच्या वस्तीला सकाळीच पक्क्या शाळेत हलवलं होतं. आमच्या कक्षात झाडू मारणारी दीदी त्याच वस्तीतली. दुपारी शाळेतून तिचा फोन आला.

"भैया, गेट खुलवा दो ना. मेरी छेरी घर में बंधी है."

छेरी म्हणजे तिची गाभण शेळी. पोलिसांनी घाईघाईत माणसं ट्रकमध्ये कोंबली, शेळी खुंट्याला राहिली. अशी जनावरं साऱ्यांचीच राहिली होती. मागे आरडाओरडा ऐकू येत होता. लोक फाटकावर धडका देत होते, लाठ्या चालत होत्या, एका शिपायाचं डोकं विटेने फुटलं होतं.

नियम असा होता, की आमच्या छतावरच्या वाऱ्याच्या यंत्राने लागोपाठ दोन तास कमी वेग दाखवला तर लोकांना घरी सोडता येईल. एक वाजता आकडा आला शून्य. दोन वाजता पुन्हा शून्य.

"ज़ीरो, ज़ीरो!" साहेब खुर्चीतून उसळले. "तूफ़ान ख़तम. ऑर्डर टाइप करो, गेट खुलवाओ."

मी आनंदाने टाइप करायला बसलो. दीदीची शेळी सुटली! तेवढ्यात बाईंचा फोन आला.

"शून्य? काहून शून्य, भाऊ? इथं माह्यासमोर रडारचा पडदा लालभडक होऊन राहिला. अर्ध्या तासात भनपुरीवर येते ते. आणि निपचित पडलेल्या हवेतही यंत्र थोडं तरी फिरते. तुमचं झोपलं काय?"

आमच्या खिडक्यांना जाड पडदे आणि बंद काचा. मी पडदा सारला. रस्त्याकडेची नवी लावलेली झाडं जमिनीला टेकली होती आणि पहारेकऱ्याची रिकामी खुर्ची मधल्या पट्ट्यावरून पळत चालली होती.

"साहब, हवा तो है," मी म्हणालो.

"मशीन सरकारी है. तुम्हारी आँख सरकारी है क्या?"

दारात चहा पीत उभा असलेला देखभालीचा माणूस खुशीत म्हणाला, "मशीन को तो बारह बजे ही बांध दिया, भैया. आपका ऑर्डर था. छत पर सबसे ज़्यादा वही हिल रहा था."

मी जिन्याकडे धावलो. छताचं दार उघडताच वाऱ्याने ते बिजागरीसकट उपटून नेलं. पाऊस आडवा, छर्र्यांसारखा. पाण्याच्या टाकीचं झाकण भिरभिरत आलं, माझ्या कानाजवळून गेलं आणि कठड्यावर फुटलं. मी पोटावर सरपटत खांबापर्यंत पोहोचलो. यंत्राच्या वाऱ्याने फिरणाऱ्या तिन्ही वाट्या सुतळीने अशा जखडल्या होत्या, जणू वरात निघालेल्या गाडीवरचं सामान. गाठ सुटेना. दातांनी तोडली. आणि वाट्या सुटल्या! पहिल्याच फेरीत एकीने माझी भुवई फोडली.

खाली आलो तेव्हा डोळ्यात रक्त होतं. आकड्याने मर्यादा केव्हाच ओलांडली होती. साहेबांनी अर्धा टाइप झालेला हुकूम स्वतःच्या हाताने फाडला आणि शाळेला फोनवर ओरडून सांगितलं, "एक भी आदमी बाहर नहीं जाएगा!"

बाईंनी सांगितलेल्या वेळेलाच ते भनपुरीवर आलं. ट्रक आडवे झाले, विजेचे खांब काडीसारखे मोडले आणि वस्तीचे पत्रे कोयत्यासारखे गरागरा फिरत हवेत उडाले. एक पत्रा शाळेच्या फाटकात वीतभर रुतून बसला. थोड्या वेळापूर्वी लोक तिथेच धडका देत होते. आतला माणूस एकही दगावला नाही.

दोन दिवसांनी दीदी झाडू घेऊन कामावर आली. भुवईला पट्टी लावून मी साऱ्या कक्षाला ही गोष्ट नाट्यासकट ऐकवत होतो, वारा मी कसा बांधला आणि कसा सोडला. लोक पोट धरून हसत होते. तीही थांबून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर मी विचारलं, "आणि दीदी, छेरी?"

"पत्रा गिरा उस पर," ती म्हणाली. "तुमने हवा बांधी थी, भैया, मैंने छेरी. तुम्हारी छूट गई."

मग ती माझ्या टेबलाखाली झाडू लागली. मी पाय वर उचलून धरले.