कुंकू लागलेली फ्लॉपी

धरमपेठेतल्या एका टायपिंग क्लासमध्ये मी शिकवायची, तेव्हाची ही गोष्ट. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. क्लासच्या सरांनी हौसेनं एक कॉम्प्युटर आणला आणि तो शिकायचं काम माझ्या गळ्यात टाकलं. त्यात हार्ड डिस्क नव्हती. पंज्याएवढी चौकोनी, लवचीक फ्लॉपी खाचेत घालायची, की तो खरखर करत तिच्यातून एकेक गोष्ट वाचायचा. त्या खरखरीनं माझं डोकं उठायचं.

म्हणून मी एक खटपट करून पाहिली. सुरू होतानाच फ्लॉपीवरचं सगळं मशीनच्या मेमरीत उतरवून घ्यायचं. बिनकामाचं काढत काढत मी ते इतकं आटोपशीर केलं, की मेमरीत मावून वर जागा उरली. पहिल्यांदा जमलं तेव्हा फ्लॉपी बाहेर काढून हातात धरली, आणि मशीन तरी चालतच राहिलं! ना खरखर, ना वाट पाहणं. बटण दाबलं की हजर. बाप्पा, काय आनंद झाला मला! दुपारचा डबा खायचा राहून गेला. फक्त लाइट गेले की सगळं साफ, एवढीच काय ती खोट.

त्यावरच मी मुलींसाठी टायपिंगचे धडे तयार केले, चार महिने खपून. दसऱ्यानंतर कॉम्प्युटरची पहिली बॅच निघणार होती. धडे नीट चालले तर बॅच माझी, नाही तर सर बाहेरून मास्तर आणणार होते. मला ती बॅच हवी होती, अगदी जीव तुटेपर्यंत हवी होती.

दसऱ्याला क्लासमध्ये यंत्रांची पूजा असायची. जमलेल्यांना दाखवायला मी कॉम्प्युटर चालू केला आणि फ्लॉपी काढून टाइपरायटरांशेजारी पाटावर मांडली. सरांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि त्यांनी ते सरळ माझ्यापुढे धरलं. "तू लाव वं. तुहंच मशीन होय."

माझा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून असं ताट कोणी माझ्यापुढे धरलं नव्हतं. मी पार गडबडून गेले. टाइपरायटरांना लावलं, आणि मग फ्लॉपीला. फ्लॉपीवर एक लांबट खिडकी असते, तिथून आतली तपकिरी चकती दिसते, जिच्यावर सगळं साठवलेलं असतं ती. तेच कपाळ समजून मी तिथं ओलं हळदकुंकू टेकवलं. वर अक्षता टाकल्या.

हात मागे घेतला आणि मग कळलं. "इथं बोट लावाल तर याद राखा" म्हणून मुलींवर रोज ओरडणारी मी! दुसरी प्रत होती, पण ती फ्लॉपी गेल्याच महिन्यात खराब झाली होती, आणि नवी मागायचं मी आज-उद्या करत राहिले होते.

"चला, करा बंद," सर म्हणाले. पूजा झाली की त्या दिवशी यंत्रांना आराम, हा त्यांचा नेम. त्यांचा हात बटणाकडे गेला.

"सर, थांबा!" मी किंचाळलेच. धडे आता फक्त मेमरीत होते, जगात दुसरीकडे कुठंच नव्हते. मी सगळं सांगून टाकलं.

पूजेला आलेली एक शेजारीण म्हणाली, "म्हणूनच तर अशा बाईच्या हातात ताट देत नसतात."

"तू चूप बस वं," काकू कडाडल्या. "अन् घरी जाऊन पहिले पंप बंद कर. लाइनीवर लोड येऊन राह्यला." मग त्यांनी क्लासमागच्या आपल्या घरातला फ्रिज बंद केला, पंखेही बंद केले. सर फ्लॉपी मागायला स्कूटरवर एका ओळखीच्या इंजिनीअरकडे निघाले. मी घामाघूम होऊन मशीनपुढे बसून राहिले. एकदा ट्यूबलाइट मिणमिणली, तेव्हा डोळेच मिटून घेतले.

तासाभरानं सर दोन पुठ्ठ्यांमध्ये फ्लॉपी बांधून घेऊन आले. मशीन सुरू होण्यापुरतं तिच्यात होतं, बाकी रिकामी. मी धडे तिच्यावर उतरवले. ती खरखर मला तेव्हा काय गोड लागली! पण खरंच उतरले का, ते मशीन बंद केल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि बंद केलं की मेमरीतलं जाणार.

"तुम्ही करा, सर."

"नाही बाई, तुम्हीच."

मी बटण दाबलं. पडदा काळा झाला. पुन्हा चालू केलं, बराच वेळ खरखर झाली, आणि पहिला धडा समोर आला. सर एवढंच म्हणाले, "बॅच तुमची. पण प्रती दोन ठेवायच्या."

काकूंनी पुन्हा ताट आणलं. मशीनला कुंकू लागायचं राहिलंच होतं.

"नको काकू, माझ्या हातानं नको."

"काहून नको? तुह्या हातानं बिघडलं, अन् तुह्याच हातानं सुधरलं ना? लाव."

मी पडद्याच्या वरच्या कडेला, प्लास्टिकवर, बोट टेकवलं. माझं होईपर्यंत सर दारात उभे होते, नवी फ्लॉपी दोन्ही हातांनी पाठीमागे धरून.