तन्वीचा पहिला वाढदिवस

त्या हिवाळ्यात आमची प्लाटून उत्तर सीमेवरच्या एका उंच पोस्टवर होती. आम्ही अठ्ठावीस जवान, बहुतेक मराठी. मी प्लाटून हवालदार होतो. राशन, केरोसीन, बॅटऱ्या आणि ड्यूटी रोस्टर माझ्याकडे.

माझ्याकडे आणखी एक यादी असे. जवानाचं नाव, मुलाचं नाव, जन्मतारीख. मुलाच्या वाढदिवशी बापाला पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, पाठवायचं नाही, सॅटेलाइट फोनवर पहिला नंबर त्याचा आणि लंगरमध्ये शिरा, असा नियम मी केला होता. कंपनी कमांडरांना तो ठाऊक होता आणि त्यांची हरकत नव्हती. दूर असलेल्या लेकरांचे वाढदिवस आम्ही असे मिळून करत होतो.

फेब्रुवारीत लान्सनाईक संतोष शेलारची मुलगी तन्वी एक वर्षाची होणार होती. रोस्टरप्रमाणे त्या दिवशी पेट्रोल शेलारचं होतं. आदल्या दुपारी मी त्याचं नाव खोडलं आणि बदली कोण म्हणून विचारलं.

"माझं लिहा," नाईक दिलीप मोहिते म्हणाला. तो आमच्या बडोद्याचा, तरसालीचा. "जूनमध्ये माझ्या ओमचा वाढदिवस. तेव्हा मी लोळणार आणि हा शेलार बर्फ तुडवणार. चालेल ने, शेलार?"

"चालेल की," शेलार म्हणाला.

पेट्रोल सकाळी ०६१५ ला निघालं. पाच जण, पुढे मोहिते. ०८५० ला रेडिओवर त्याचा आवाज आला.

"पोस्ट, पेट्रोल बोलतंय. नाल्याच्या तोंडाशी. पाचही ओके. ओव्हर."

"रॉजर. पुढचा कॉल ०९२०. आउट."

०९०० ला शेलार फोनवर बसला. ०९१८ ला बाहेर आला. हसत होता.

"साहेब, घोटाळा झाला. घरी अकरा दिवसांपूर्वीच औक्षण झालं. आई तिथी धरते."

०९२० ला कॉल आला नाही. मी तीनदा हाक मारली. ०९३१ ला दुसऱ्याच जवानाचा आवाज आला. वरच्या उताराचा बर्फ सुटून खाली आला होता. चौघं बाहेर होते. मोहिते सापडत नव्हता.

तो आम्हाला १३४० ला सापडला.

माझा वाढदिवस आमच्या घरी आजही तिथीने होतो. तरी यादी करताना तिथी की तारीख, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. फौजेत तारीख चालते, म्हणून तारीख लिहिली. जून आला तेव्हा ओमचं नाव यादीत होतं. त्या दिवशी शिरा झाला नाही. त्यानंतर मी तशी यादी केली नाही.

निवृत्तीनंतर मी बडोद्यात, सुभानपुऱ्यात राहायला आलो. शेलारनेही बडोद्यातच, मकरपुऱ्यात सिक्युरिटीची नोकरी धरली. मोहितेची पत्नी सुनंदावहिनी तरसालीतच होती, एका शाळेत शिक्षिका. मुलांचे वाढदिवस, निकाल, ओमची पहिली नोकरी, सगळं आमची तीन घरं एकत्र करतात. तन्वीचा वाढदिवस शेलार तिथीनेच करायचा. तारखेला आम्ही दोघं सकाळी तरसालीला जाऊन मोहितेच्या फोटोला हार घालायचो. रोस्टर बदललं होतं, हे वहिनींना आम्ही कधी सांगितलं नाही.

तिथी आणि तारीख एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळतात. यंदा तन्वीला एकोणीस वर्षं पूर्ण होणार होती. आठवडाभर आधी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, शेलारभाऊंकडून तन्वीच्या वाढदिवसाचं बोलावणं आलंय. नेमका तोच दिवस? त्यांचं डोकं ठिकाणावर आहे ने?"

"येतो," मी म्हणालो. "फोनवर नको."

दुपारी चारला त्यांच्या घरी पोहोचलो. क्रमाने सांगितलं. यादी, खोडलेलं नाव, मोहितेने घेतलेली बदली, अकरा दिवस.

"म्हणजे फोनसाठी," त्या म्हणाल्या.

"हो."

"तन्वी काय बोलली फोनवर?"

"माहीत नाही."

"अठरा वर्षांत विचारलं नाही?"

"नाही."

"मग आत्ता विचारा."

मी शेलारला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. वहिनींना सगळं सांगितल्याचं त्याला सांगितलं आणि त्यांचा प्रश्न विचारला.

"वहिनी, ती झोपली होती. मीच म्हणालो, उठवू नका. बायकोने फोन तिच्या नाकाशी धरला. मी नुसता तिचा श्वास ऐकत होतो."

वहिनी उठून आत गेल्या. आत नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला. परत आल्या तेव्हा फोन चालूच होता. त्या फोनकडे वाकल्या.

"शेलारभाऊ, त्या दिवशी सगळे माझ्याकडे या. सकाळी हार, संध्याकाळी औक्षण. बिचाऱ्या पोरीने काय केलंय? आणि केक तुम्ही आणू नका, मागचा दगड होता."

त्याप्रमाणे झालं. संध्याकाळी सहाला वहिनींनी तन्वीला ओवाळलं. मग माझ्याकडे वळल्या.

"निघताना ते काही बोलले होते?"

बोलला होता. तेही मी कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनींना सांगितलं असतं तर बदलीही सांगावी लागली असती, आणि शेलारला फोनआधी सांगायचं राहिलं, नंतर धीर झाला नाही. आता सांगितलं. ०६१५ ला गॉगल चढवत मोहिते म्हणाला होता, "शेलारला सांगा, फोनवर गाणं म्हणू नको. पोरगी घाबरून जन्मभर बापाला ओळख दाखवणार नाही."

ओम मोठ्याने हसला. वहिनीही हसल्या. "हेच. असंच बोलायचे."

शेलार हसला नाही. निरोप त्याच्यासाठी होता आणि तो त्याला आज मिळाला. तो उठून गॅलरीत गेला आणि कठड्याला धरून उभा राहिला. तन्वी त्याच्या मागे गेली.

नाईक दिलीप मोहिते, राहणार तरसाली, बडोदे. वय एकतीस. त्या दिवशी त्याची पाळी नव्हती.