रेडिएटरातली हळद

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हनतेत. मी घेते. हरिबा. असल्या मानसाचं नाव झाकून ठेवायचं कावून?

तसा कामाचा हाय, खोटं कशाला बोलू. मेंढीचं तोंड हुंगून तिला काय झालंय ते सांगतो. पालीच्या धरणाकडं लांडगा आलता तवा एकटाच काठी घेऊन आडवा झालता. पन कडक इस्त्रीचा पांढरा सदरा समोर आला की ह्याची जीभ टाळूला चिकटली म्हनून समजा. पन्नाशी उलटली, ती काय सुटली न्हाई.

आमची एक जुनी पिकअप हाय. तिच्यातनंच मेंढ्या वडवणीच्या बाजाराला न्यायच्या. उन्हाळ्यात तिच्या रेडिएटरातनं इंजन गार ठेवायचं हिरवं कूलंट ठिबकाय लागलं. मेंढीच्या जखमेवर हळद दाबतेत, तशी ह्यानं माझ्या डब्यातली दोन मुठी हळद रेडिएटरात वतली. ठिबकायचं थांबलं आन् ह्याची छाती फुगली. आठ दिवसांनी गाडी मांजरसुंब्याच्या घाटात उकळली. झाकन उघडलं तर आत निस्ता तपकिरी गाळ.

तिथंच आमच्या गावचे सुंदरराव भेटले. पन्नास एकर रान आन् जगाला सल्ले द्यायची खाज. त्यांनी गाडी वढून मांजरसुंब्यातल्या आपल्या वळखीच्या मिस्त्र्याकडं नेली. मिस्त्र्यानं गाळात बोट बी घातलं न्हाई. म्हनला, इंजनाचं ऑइल कूलंटमदी उतरलंय, इंजन खोलावं लागतंय, सत्तर हजार धरा. सुंदररावांनी अशी मान हलवली, जसं काय इंजन त्यांनीच जन्माला घातलंय. हरिबाकडं पैसे नव्हते. मग त्यांनीच तोड काढली, तुझ्या बारा गाभन मेंढ्या सत्तर हजाराला मला दे. बाजारात दुप्पट आलं असतं. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

‘हळद मीच टाकली,’ येवढंच ह्यानं बोलायचं होतं. पन सुंदरराव मालक हसतील म्हून हरिबानं तोंड उघडलं न्हाई. मेंढ्यांचा पाचशे रुपये इसार घेतला आन् खाली मुंडी घालून घरी आला.

दुसऱ्या दिवशी मीच ह्याला हाताला धरून मांजरसुंब्याला नेलं. मिस्त्री इंजन खोलायचे पाने मांडून बसलाच होता. मी रेडिएटरात बोट घातलं आन् ह्याच्याच धोतराच्या सोग्याला पुसलं. पिवळट डाग पडला. त्याच्यावर हात धुवायचा साबन घासला, तर डाग लालभडक. साबन लागला की हळद लाल हुती, हे शेंबड्या पोरीला बी ठावं हाय.

"मिस्त्री, साबनानं ऑइल कवा लाल झालंय का?" मी इचारलं.

त्यानं पाने बाजूला सारले. गुमान चार येळा पानी मारून गाळ काढला, ठिबकत होतं तिथं झाळ दिली, नवं कूलंट भरलं. अडीच हजारात गाडी चालू झाली. ह्यो बाजूला उभा राहून सोग्याचा डाग लपवायलाय.

घरी आल्यावर म्हनलं, आता इसार परत देऊन या.

"आपल्यात इसार घेऊन कुनी शब्दाला फिरत न्हाई," म्हनला.

"मग मालकाला सांगा, हळद हुती म्हून."

"त्ये कसं सांगू?"

मी जाते म्हनलं तर दारात आडवा झाला. बायकू सांगाय गेल्यावर गावात तोंड कुठं दाखवू म्हने. माझ्या हातानं पाला खाऊन वाढलेल्या बारा गाभन मेंढ्या, आन् ह्याला लाज कशाची, तर दोन मुठी हळदीची. थू असल्या इज्जतीवर.

सोमवारी ह्यानं एकेक मेंढी उचलून त्याच पिकअपमदी घातली आन् सुंदररावांच्या रानात नेऊन सोडली. आल्यावर मी काय बी इचारलं नव्हतं. आपनच सांगाय लागला, गाडी लई झ्याक चालली, एकदा बी तापली न्हाई.