परत घेतलेलं वाक्य

उजव्या हाताचं बोट छताकडे करून साहेब म्हणायचे, "प्रभूची योजना असते!" लिफ्ट बंद पडली, कुणाची बढती हुकली, जहाज उशिरा लागलं, की बोट वर. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल.

तिकडे तमिळ मुलखात, जॉर्ज टाउनमधल्या आमच्या ऑफिसात बंदरावरच्या मालाची कागदपत्रं तयार होत. साहेब तिथले हेडक्लार्क, मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. मी साताऱ्याहून नुकताच आलेलो. भोवती सगळी तमिळ. मराठी बोलायला दोघंच, साहेब आणि ऑफिसातल्याच सुगुणाबाई. बाईंचं मराठी तंजावरचं, जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं.

सुगुणाबाईंचा एकुलता मुलगा स्कूटरच्या अपघातात गेला. साहेब आणि मी भेटायला गेलो. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. साहेबांनी डोळे मिटून फार सुरेख प्रार्थना केली आणि शेवटी सवयीने बोट वर गेलं. "बाई, यातही प्रभूची योजना आहे."

सुगुणाबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. पुढे त्या साहेबांशी कामापुरतंच बोलत. साहेबांना वाटलं, दुःखाने अबोल झाल्या.

मग साहेबांच्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली. राहिला एकच शब्द, "बरं." भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, रागावल्या तरी बरंच. साहेबांनी ऑफिसात जाहीर केलं, "नाताळापर्यंत ती बोलायला लागेल. बघाच!" त्यांनी उपास केले, ऑफिस सुटलं की चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकले. नाताळ आला आणि गेला. वहिनी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो, तर चर्चमधले एक गृहस्थ आलेले. निघताना साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "ब्रदर, सगळी प्रभूची योजना."

साहेबांनी त्यांना दारापर्यंत पोचवलं. दार लागल्यावर मला हळूच म्हणाले, "मी हेच बोललो होतो. सुगुणाबाईंना. अगदी हेच."

त्या रविवारी ते मला घेऊन टी. नगरला बाईंच्या घरी गेले.

"बसा सर, कापी आणत्यें," बाई म्हणाल्या.

"कॉफी नको. मी तेव्हा जे बोललो ते परत घ्यायला आलोय. मला काहीएक माहीत नव्हतं."

बाई अजून उभ्याच होत्या. "आतां माहीत आहे का?"

"नाही."

त्या 'नाही'ने बाईंचा चेहरा सैल झाला. बसल्या.

"तुमच्या मुलाबद्दल सांगा," साहेब म्हणाले. "त्या दिवशी मी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही."

"राघव," बाई म्हणाल्या, आणि मग दिवेलागणीपर्यंत राघवच. सांबारातलं वांगं तो आई पाठमोरी झाली की खिडकीतल्या कावळ्याला घालायचा. एकदा कावळ्यानेच ते परत घरात टाकलं. सांगता सांगता बाई हसल्या. रडले ते साहेब.

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. "साहेब, मग श्रद्धा कमी झाली का?"

"नाही रे. आधी मी देवाबद्दल पुष्कळ सांगायचो. आता कुठे त्याची ओळख होतेय."

"म्हणजे कशी?"

"हिच्याजवळ एकच शब्द आहे. पण हिला पाणी हवंय की रडू येतंय, मला कळतं. जवळ बसून बसून कळायला लागलं. हल्ली प्रार्थनेत माझेही शब्द संपतात. नुसतं 'बापा' म्हणतो. त्याला कळत असणार."

"आणि उत्तर?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "येत नाही. पण खोलीत मी एकटा नाही, एवढं कळतं."

मला ते नीटसं समजलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही समजलेलं नाही. पण त्यानंतर ऑफिसात कुणावर काही कोसळलं, तर साहेब खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसत. बोट वर जात नसे. "काय झालं, सांग," एवढंच म्हणत.

वहिनी गेल्या. काही वर्षांनी साहेबांनाही कॅन्सरने धरलं. सुगुणाबाई रोज डब्यातून रसमभात नेत आणि चमच्याने भरवत.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, "साहेब, भीती वाटते का?"

"वाटते ना," ते म्हणाले. थोडा दम घेतला. "पण अनोळखी माणसाकडे चाललोय असं वाटत नाही."

मी निघालो. दारातून वळून पाहिलं, तर त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. मी तिथेच थांबलो, कान देऊन. एकच शब्द होता की पुष्कळ होते, ते काही ऐकू आलं नाही.