रुमालाखालचा सौदा

लातूरच्या मोंढ्यात, भर धान्यबाजारात, सगळ्या अडत्यांसमोर आण्णा म्हणाला होता, ‘ह्याला माल ओळखता येत न्हाई.’ आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, दाळमिलचा मालक. त्याच दिवशी मी नांदेडची एसटी धरली. तिथं तुरीची दलाली सुरू केली आणि हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांशी भांडत स्वतःचं दुकान उभं केलं. त्या वाक्याचा राग मी अजून सोडलेला नाही. लग्नकार्यात आम्ही समोरासमोर यायचो, पण बोलत नसू.

गेल्या वर्षी आण्णाला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. त्याची मुलगी नांदेडला याच रोगाच्या पेशींवर संशोधन करते. एका दुपारी ती दुकानात आली. तिच्या वडिलांनी जेवण जवळजवळ सोडलं होतं. केमो लागू पडत होती, गाठ थोडी आकसली होती. पण वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस देता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आण्णाचा हिशेब मला लगेच कळला. आवक तोडली की मिल बंद पडते, तशी गाठही उपाशी मरेल. मला त्यात काही चूक दिसेना.

‘तसं नसतं, काका,’ ती म्हणाली. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. इन्सुलिनसारखं हार्मोन त्यांना येऊन चिकटलं की आत इशारा जातो आणि साखर आत घेणारी दारं उघडतात. कॅन्सरच्या पेशींवर असे रिसेप्टर बरेचदा जास्त असतात, आणि स्वादुपिंडात तर इन्सुलिन शेजारीच तयार होतं.

‘म्हणजे रुमालाखालचा सौदा,’ मी म्हणालो. पूर्वी मोंढ्यात रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचा. बाहेर कुणाला काही दिसायचं नाही, पण पोती हलायची.

तिला ते पटलं. फक्त या पेशी लबाड, म्हणाली. समोरचा हात नुसता टेकला तरी सौदा झाल्यासारखा माल उचलतात. शिवाय माणूस जेवला नाही की शरीर स्वतःचं मांस झिजवून रक्तात सोडतं, पेशी तेही खातात. उपाशी राहतो तो माणूस. हार्मोनचा तो हात रिसेप्टरपर्यंत पोचूच द्यायचा नाही, यावर तिचं काम चाललंय. औषध व्हायला वेळ आहे, पण वाट दिसतेय.

‘तोवर बाबा टिकले पाहिजेत. त्यांना समजावून झालं. आता सौदाच करावा लागंल, अन् तो तुम्हालाच जमतो.’

दुसऱ्या दिवशी मी स्वतः निवडलेली तूरडाळ घेऊन लातूरला गेलो. आण्णा बाजेवर पडला होता. खांद्याची हाडं वर आलेली. मला बघून त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मी बाजेवर बसलो, त्याच्या हातावर माझा रुमाल टाकला आणि म्हणालो, ‘दिवसाला किती येळा जेवणार, बोल.’

मग एक बोट दाबलं गेलं.

माझं डोकं तापलं. मी पूर्ण पंजा दाबला. तो दोनवर आला. मी रुमाल ओढून उठायला लागलो, तसा त्यानं माझा हात धरून ठेवला. पकड अजून मिलमालकाची होती. तीनवर अडला, कुरकुरला, शेवटी चारवर सौदा पटला. डॉक्टरांना चारच जेवणं हवी होती. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

वहिनीनं माझ्या डाळीची मऊ खिचडी आणली, सोबत पचनाची गोळी. आण्णानं एक घास घेतला, जिभेवर घोळवला.

‘डाळ कुणी निवडली?’

‘मी.’

त्यानं दुसरा घास घेतला.

पुढचा डोस चुकला नाही, त्याच्या पुढचाही नाही. हल्ली तो फोन करून तक्रार करतो, चौथं जेवण जास्त होतंय, सौदा पुन्हा बसून करू. मी म्हणतो, रुमाल उचलल्यावर भाव बदलत न्हाई. ते जुनं वाक्य त्यानं परत घेतलेलं नाही. पण डाळ संपत आली की न चुकता आठवण करून देतो.